नारिंगी रंगाची वाट पाहताना

जुलैत सकाळी लॅब उघडली की मी आधी डेसिकेटरपाशी, म्हणजे वस्तू कोरड्या ठेवायच्या झाकणबंद भांड्यापाशी, जायचे. त्याच्या तळाशी सिलिका जेलचे निळे दाणे असतात. हवेतलं पाणी पिऊन ते गुलाबी होतात. मुंबईच्या पावसाळ्यात त्यांना गुलाबी व्हायला दोन दिवस पुरायचे. मग लॅबमधले काका ते ट्रेमध्ये पसरून ओव्हनमध्ये ठेवायचे आणि दुपारपर्यंत पुन्हा निळे करून आणायचे. "मॅडम, हे पापडासारखं आहे, जरा हवा लागली की संपलं," असं ते म्हणायचे. पापडाचं मला ठाऊक होतं. माझं कित्येक महिन्यांचं काम त्याच हवेने खाल्लं, हे कळायला मात्र वेळ लागला.

माझं पीएच.डी.चं काम होतं एल-अ‍ॅस्परॅजिनेज नावाच्या एन्झाइमला पॉलिइथिलीन ग्लायकॉलच्या साखळ्या जोडण्याचं. लॅबमध्ये पॉलिइथिलीन ग्लायकॉलला सगळे पेग म्हणतात आणि जोडण्याच्या क्रियेला पेगिलेशन. आम्ही तर सरळ "पेग लावणं" म्हणायचो. "आज पेग लावलास का?" "लावला, पण लागला नाही." असे संवाद दिवसभर चालायचे.

हाच विषय का घेतला, ते सांगते. पीएच.डी.ला नाव नोंदवायच्या आदल्या वर्षी माझ्या मावसभावाच्या मुलीला ल्युकेमिया झाला. तेव्हा ती सहा वर्षांची होती. उपचारांच्या पहिल्या टप्प्यात तिला जी औषधं होती, त्यात अ‍ॅस्परॅजिनेजची इंजेक्शनं होती, दोन-तीन दिवसांच्या अंतराने, मांडीच्या स्नायूत. शिरेतून जाणाऱ्या सलाइनची तिला सवय झाली होती, त्याला ती घाबरत नसे. पण मांडीतल्या सुईचा दिवस तिला बरोबर कळायचा. मी वॉर्डात गेले की पहिला प्रश्न असायचा, "आत्या, आज मांडीवाली आहे का?" आणि भाऊ मला बाहेर जिन्यात गाठून विचारायचा, "तू फार्मसीवाली ना? मग सांग, हे इतक्यांदा का टोचायचं? एकदाच भरपूर देऊन टाकता येत नाही का?"

उत्तर पुस्तकात होतं. ई. कोलाय नावाच्या जिवाणूपासून मिळवलेलं साधं अ‍ॅस्परॅजिनेज स्नायूत दिलं, की जवळपास सव्वा दिवसात त्याची रक्तातली क्रिया निम्मी होते. त्याच एन्झाइमला पेग लावलं की हाच काळ साडेपाच दिवसांच्या पुढे जातो. म्हणजे सहा-नऊ सुयांचं काम एका सुईत. असं औषध जगात होतं, अमेरिकेत त्याला १९९४ मध्येच मान्यता मिळाली होती. पण माझ्या भावाला त्या वेळी त्याचा खर्च झेपणारा नव्हता. मी त्याला निम्मंच उत्तर दिलं, उरलेलं गिळलं. ते गिळलेलं उत्तर मला लॅबमध्ये घेऊन आलं.

हे एन्झाइम मुळात सापडलं तेही एका निरीक्षणातून. १९५३ मध्ये अमेरिकेत जॉन किड यांना दिसलं की गिनीपिगचा सीरम टोचला की उंदरांमधल्या लिम्फोमाच्या, म्हणजे एका प्रकारच्या कर्करोगाच्या, गाठी ओसरतात. दुसऱ्या प्राण्यांच्या सीरमने तसं होत नव्हतं. गिनीपिगमध्ये असं काय आहे, याचा छडा १९६१ मध्ये ब्रूम यांनी लावला. ते अ‍ॅस्परॅजिनेज होतं. ल्युकेमियाच्या पेशींना अ‍ॅस्परॅजिन नावाचं अमिनो आम्ल स्वतःपुरतं बनवता येत नाही, त्या रक्तातून उचलतात. हे एन्झाइम रक्तातलं अ‍ॅस्परॅजिन फोडून टाकतं, त्यातून अ‍ॅस्पार्टिक आम्ल आणि अमोनिया उरतो. पेशी उपाशी मरते. मारा करण्याऐवजी रसद तोडणारं औषध आहे हे. रसद तोडायची तर वेढा अखंड हवा, मध्ये चार दिवस ढिला पडून चालत नाही. म्हणून त्याचं रक्तात टिकून राहणं इतकं महत्त्वाचं.

पेगने नेमकं काय होतं, हे मी भावाला सब्जाच्या बियांवरून समजावलं होतं. कोरडं बी मोहरीएवढंही नसतं. पाण्यात टाकलं की त्याच्याभोवती पाण्याचा पारदर्शक, बुळबुळीत थर धरतो, आणि ते चमच्याने पकडू गेलं की निसटतं. पेग ही पाण्यावर प्रेम करणारी साखळी आहे. कार्बन, कार्बन, ऑक्सिजन, पुन्हा कार्बन, कार्बन, ऑक्सिजन, अशी शेकडो वेळा. माझी साखळी ५,००० डाल्टनची (डाल्टन हे रेणूचं वजन मोजायचं एकक) होती, म्हणजे साधारण ११३ कड्यांची. प्रत्येक कडी दोन-तीन पाण्याचे रेणू धरून ठेवते. त्यामुळे पेग लावलेलं प्रथिन रक्तात आपल्या वजनाच्या मानाने खूपच मोठं होऊन फिरतं. प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमांना त्याच्यापर्यंत पोचता येत नाही, प्रतिकारयंत्रणेला त्याचा परका चेहरा नीट दिसत नाही. इंटरफेरॉनसारखं लहान प्रथिन असेल तर मूत्रपिंडाच्या चाळणीतूनही ते खाली पडत नाही. अ‍ॅस्परॅजिनेज मुळातच त्या चाळणीपेक्षा मोठं असतं, त्याला पेगचा उपयोग लपण्यासाठी.

ही कल्पना अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात फ्रँक डेव्हिस यांच्या गटाने मांडली. अबुखोव्स्की आणि डेव्हिस यांचे १९७७ मधले शोधनिबंध गाईच्या अल्ब्युमिन या प्रथिनावर आणि कॅटॅलेज या एन्झाइमवर होते. औषध म्हणून मान्यता मिळायला १९९० उजाडलं, तेही जन्मतः प्रतिकारशक्ती नसलेल्या मुलांसाठीच्या एका एन्झाइमला. दुसरं आमचं पेगॅस्परगेज, म्हणजे हेच पेग लावलेलं एन्झाइम. म्हणजे या तंत्राची पहिली दोन्ही औषधं मुख्यतः मुलांसाठीची होती. लॅबमध्ये वाईट दिवस आला की मी हे मनाशी म्हणायचे.

आता प्रत्यक्ष काम. कागदावर ते अर्ध्या पानाचं आहे. पेगच्या साखळीचं एक टोक मिथॉक्सी गटाने बंद केलेलं असतं, म्हणजे ते कशाला चिकटत नाही. दुसऱ्या टोकाला सक्सिनिमिडिल कार्बोनेटचा आकडा असतो. प्रथिनात लायसिन नावाची अमिनो आम्लं असतात, त्यांच्या अमाइन गटाला हा आकडा अडकतो आणि पक्का बंध होतो. बफरमध्ये, म्हणजे पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात, एन्झाइम घ्या, पीएच ८ च्या आसपास ठेवा, वजन करून पेग टाका, हलक्या हाताने ढवळा, तासा-दोन तासांनी ग्लायसिन टाकून, उरलेले आकडे त्याच्या अमाइनला अडकवून थांबवा, गाळणीने सुटं पेग काढून टाका. झालं.

माझं चार महिने झालं नाही.

जेल म्हणजे प्रथिनं आकारमानानुसार वेगळी करणारी पातळ, लुसलुशीत वडी. तिच्यावर साध्या अ‍ॅस्परॅजिनेजचा पट्टा ३५ हजार डाल्टनच्या जवळ येतो. मूळ रेणू चार तुकड्यांचा, जेलमध्ये ते सुटे होतात. पेग लागलं असेल तर पट्टा वर सरकायला हवा, पसरायला हवा. माझा पट्टा दर वेळी तिथल्या तिथे. निळाशार, रेखीव आणि मला नको असलेला. मी पीएच बदलला. पेग दुप्पट टाकलं, मग दहापट. चार अंशांवर करून पाहिलं, पंचवीस अंशांवर करून पाहिलं. वहीत तारखा वाढत गेल्या आणि प्रत्येक तारखेखाली तोच एक शब्द, "नाही". गाइडसरांना दर शनिवारी जेलचा फोटो दाखवायचा असायचा. ते रागावत नसत, फोटोकडे बघून नुसते "हं" म्हणत. त्यापेक्षा रागावले असते तर बरं, असं वाटायचं.

शेवटी आमच्या लॅबमधल्या सीनियर ताईने एक प्रश्न विचारला. पेगची बाटली मी नेहमीप्रमाणे उणे वीस अंशांच्या फ्रीजरमधून काढली, झाकण उघडलं, चमच्याने वजन घेतलं आणि लगेच परत ठेवली. ती शेजारी उभी होती. म्हणाली, "बाटली गरम व्हायला किती वेळ देतेस?"

मी म्हटलं, "गरम? खराब होऊ नये म्हणून तर लगेच आत ठेवते."

तिने बाटली माझ्या हातातून घेतली आणि उजेडात धरली. काचेवर बाहेरून दव धरलं होतं, गार पाण्याच्या पेल्यावर धरतं तसं. "बाहेर धरलंय ना? मग झाकण उघडल्यावर आत काय होत असेल?" एवढंच बोलली.

त्या सक्सिनिमिडिल आकड्याला पाणी चालत नाही. पाण्याचा रेणू भेटला की आकडा गळून पडतो आणि साखळी उरते, कशालाही न अडकणारी. मी दर आठवड्याला ती बाटली थंडगार असताना मुंबईच्या पावसाळी हवेत उघडत होते. पांढरी भुकटी दिसायला जशीच्या तशी. त्याच दिवशी तपासलं. आकडा गळला की त्याचा सुटा झालेला तुकडा २६० नॅनोमीटरवर प्रकाश शोषतो. थोडी भुकटी नुसत्या पाण्यात विरघळवून लगेच वाचन घ्यायचं, मग अल्कली टाकून उरलेसुरले सगळे आकडे मुद्दाम गाळायचे आणि पुन्हा वाचन घ्यायचं. भुकटी ताजी असेल तर दुसरं वाचन खूप मोठं येतं. माझी दोन्ही वाचनं जवळपास सारखी आली. बाटलीत गळायला काही उरलंच नव्हतं.

परदेशातून मागवलेली बाटली. दुसरी यायला कागदपत्रांसकट सात आठवडे लागले. त्या सात आठवड्यांत मी खूप वाचलं आणि थोडं रडले. नवी बाटली आली तेव्हा ती तासभर डेसिकेटरमध्ये ठेवली, खोलीच्या तापमानाला येऊ दिली. मग कोरड्या नायट्रोजनच्या पिशवीत हात घालून तिचे एका वेळेपुरते छोटे वाटे केले. प्रत्येक वाटा सीलबंद, सिलिकासकट. एक वाटा, एक प्रयोग. उरलं तर टाकून द्यायचं, परत ठेवायचं नाही. हे करताना आजीची आठवण झाली. वर्षाचं लोणचं ती मोठ्या बरणीतून कधी रोज काढत नसे, आठवड्यापुरतं छोट्या बरणीत काढून मोठीचा दादरा पुन्हा घट्ट बांधायची. लोणच्याला जे शहाणपण लागतं तेच इथे लागत होतं.

आणि तरीही पहिला प्रयोग फसला. या वेळी कारण दोन दिवसांत सापडलं. विकत आणलेलं एन्झाइम ट्रिस नावाच्या रसायनाच्या बफरमध्ये होतं आणि मी ते तसंच वापरलं होतं. ट्रिसच्या रेणूत स्वतःचाच अमाइन गट असतो. माझं पेग एन्झाइमला सोडून ट्रिसलाच जाऊन चिकटलं. ग्लायसिन टाकून आपण शेवटी जे करतो, ते इथे सुरुवातीलाच झालं होतं. मग रात्रभर डायलिसिसच्या पिशवीत एन्झाइम ठेवून बफर बदलला, ट्रिसच्या जागी फॉस्फेट आणला. कुणी पेग लावायला घेत असेल तर त्याला मी आधी बाटलीबद्दल विचारते आणि मग बफरबद्दल.

त्यानंतरचं जेल मी अजून जपून ठेवलं आहे. रेखीव पट्टा नाहीसा झाला होता. त्याच्या जागी वरच्या बाजूला लांबट, धुरकट डाग. एरवी असा डाग आला तर जेल बिघडलं म्हणून फेकतात, पण इथे तोच हवा होता. कुठल्या रेणूला कमी साखळ्या, कुठल्याला जास्त, म्हणून एक रेघ न येता अख्खी पायघडी उमटते. खात्रीसाठी दुसरं जेल बेरियम क्लोराइड आणि आयोडीनमध्ये बुडवलं. त्यात प्रथिन रंगत नाही, पेग रंगतं. हळूहळू तपकिरी रंग त्याच जागी उमटत गेला. मी काकांना हाक मारली. त्यांना जेलमधलं काही कळत नव्हतं, पण ते हातातलं काम टाकून आले आणि बराच वेळ बघत उभे राहिले.

मोकळे अमाइन किती उरले हे मोजायला आणखी एक रंगाची चाचणी असते. तिच्यात पिवळा रंग जितका फिका, तितकं पेग जास्त. तो फिका आला. मी आनंदात होते. दोन दिवस.

तिसऱ्या दिवशी एन्झाइमचं काम मोजलं. ही चाचणी मला सगळ्यात आवडते. एन्झाइमला अ‍ॅस्परॅजिन द्यायचं, ३७ अंशांवर ठेवायचं, ठरलेल्या वेळी आम्ल टाकून थांबवायचं, सेंट्रिफ्यूज करून वरचं स्वच्छ पाणी घ्यायचं आणि त्यात नेसलर रीएजंट टाकायचं. अमोनिया असेल तर रंग येतो. थोडा असेल तर लिंबाच्या सरबतासारखा, भरपूर असेल तर गडद नारिंगी. रीएजंटमध्ये पारा असतो, त्यामुळे हातमोजे आणि वेगळा कचरा हे कडक पाळायचं. साध्या एन्झाइमच्या नळीत सुरेख नारिंगी रंग आला. पेगवाल्यात फिकट पिवळा. हिशेब केला तर काम निम्म्याच्या आसपास उरलेलं.

एवढा खटाटोप करून मी औषध निम्मं मारून ठेवलं होतं. शनिवारी सरांना दाखवलं. ते पहिल्यांदाच "हं" म्हणाले नाहीत. म्हणाले, "बशीतल्या मोजमापावर औषध ठरत असतं तर पेगासिस बाजारात आलंच नसतं."

पेगासिस म्हणजे पेग लावलेलं इंटरफेरॉन, अमेरिकेत २००२ मध्ये मान्यता मिळालेलं, हिपॅटायटिस सी वर. त्याला ४० हजार डाल्टनची फांद्या असलेली पेग लावलेली असते. प्रयोगशाळेतल्या पेशींवर मोजलं तर मूळ इंटरफेरॉनच्या फक्त ७ टक्के काम त्यात उरतं. ९३ टक्के गेलं. आणि तरीही आठवड्यातून एकदा दिलेलं पेगासिस, आठवड्यातून तीनदा दिलेल्या साध्या इंटरफेरॉनपेक्षा रुग्णांमध्ये सरस ठरलं. कारण ते सात टक्के काम आठवडाभर चालू राहतं, आणि शंभर टक्क्यांवालं काही तासांत मूत्रपिंडातून निघून जातं. नळीत सगळे रेणू कोंडलेले असतात, कुणालाच बाहेर जाता येत नाही. म्हणून नळीत पेगचा फक्त तोटा दिसतो, फायदा दिसायला जागाच नसते.

फायदा बघायचा तर जिवंत शरीर हवं. संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी घेऊन उंदरांवर काम केलं. एका गटाला साधं एन्झाइम, दुसऱ्याला पेगवालं, दोन्हींचं नळीत मोजलेलं काम सारखं येईल इतक्या मात्रेत. ठरलेल्या वेळांना शेपटीच्या शिरेतून थेंबभर रक्त. प्राण्यांसोबतचं काम मला जड जातं, अजूनही जातं. म्हणून मी ठरवलं होतं की एकही नमुना हातून वाया जाऊ द्यायचा नाही. नव्वदेक छोट्या नळ्या, प्रत्येकीवर माझ्या हाताने लिहिलेलं लेबल.

नेसलर टाकायचा दिवस आठवतो. प्लेटमध्ये वरच्या ओळीत साधं, खालच्या ओळीत पेगवालं, डावीकडून उजवीकडे वेळ वाढत जाणारी. मी मल्टिचॅनल पिपेटने एकेक रांग भरत गेले. पहिल्या वेळेला दोन्ही ओळी नारिंगी. पुढे वरची ओळ फिकट होऊ लागली, पिवळी, फिकी पिवळी, आणि एका दिवसाच्या नमुन्याला जवळजवळ पाणी. खालची ओळ नारिंगीच. दोन दिवसांचा नमुना, नारिंगी. तीन दिवसांचा, जरासा फिकट, पण नारिंगी. मशीनमध्ये ठेवायच्या आधी मी ती प्लेट पांढऱ्या कागदावर ठेवली आणि नुसती बघत राहिले. भावाच्या जिन्यातल्या प्रश्नाचं उत्तर त्या खालच्या ओळीत होतं. एकदाच भरपूर देऊन भागत नाही दादा, पण टिकेल असं देता येतं.

त्यानंतर जो काळ गेला, त्यात मी पेगकडे जरा जास्तच भक्तिभावाने बघत होते. ते उतरवलं माझ्या रूममेटने. ती शेजारच्या लॅबमध्ये लायपोसोम बनवायची. लायपोसोम म्हणजे चरबीच्या रेणूंचे पोकळ फुगे, साधारण १०० नॅनोमीटरचे. आत औषध भरायचं, बाहेरच्या थरात पेगला जोडलेलं लिपिड मिसळायचं, म्हणजे फुग्याच्या अंगावर पेगचे केस उभे राहतात. हे केस नसतील तर यकृत आणि प्लीहेतल्या भक्षक पेशी फुगे थोड्याच वेळात गिळून टाकतात. या पद्धतीचं पहिलं औषध डॉक्सिल, जेरुसलेममध्ये बारेनहोल्झ आणि गॅबिझॉन यांच्या कामातून आलेलं, अमेरिकेत १९९५ मध्ये मान्यता मिळालेलं. अमेरिकेत मान्यता मिळालेलं पहिलं नॅनोऔषध तेच. आत भरलेल्या डॉक्सोरुबिसिन या कर्करोगावरच्या औषधाचा हृदयावरचा घात त्याने कमी होतो. त्याच्या बदल्यात तळहात आणि तळपाय लाल होऊन सोलवटतात, कारण फुगे दिवसेंदिवस रक्तात फिरत राहतात आणि थोडे थोडे त्वचेत झिरपतात. टिकण्याचीही किंमत असते. २०१२ मध्ये अमेरिकेत डॉक्सिलचा तुटवडा पडला तेव्हा मुंबईच्या सन फार्माचं लिपोडॉक्स हे तसंच औषध तिथे पाठवण्याची तात्पुरती परवानगी मिळाली होती, ही गोष्ट आमच्या लॅबमध्ये नवीन येणाऱ्या प्रत्येकाला सांगितली जायची, मीही सांगते.

तर रूममेट औषध न भरलेले, नुसता चमकणारा रंग भरलेले लायपोसोम उंदरांना देत होती. पहिला डोस झकास. फुगे दिवसभर रक्तात. आठवड्याने तोच डोस, तोच हात, तीच बॅच. आणि फुगे थोड्याच वेळात गायब, सगळे यकृतात. ती रात्री अकराला खोलीवर आली आणि बॅग न ठेवताच पलंगावर बसली. "दुसऱ्यांदा दिलं की निघूनच जातात गं," म्हणाली. तिला वाटलं सुई शिरेत गेली नसेल. पुढच्या खेपेला मी मदतीला गेले. सुई शिरेतच होती. फुगे तरीही गेले.

ही गोष्ट जपानमध्ये तोकुशिमा विद्यापीठात इशिदा आणि किवादा यांच्या गटाने कसून अभ्यासलेली आहे. पहिल्या डोसनंतर प्लीहेतल्या बी पेशी पेगविरुद्धच प्रतिपिंडं बनवतात. दुसरा डोस आला की ती त्याला चिकटतात आणि यकृताच्या हवाली करतात. आत डॉक्सोरुबिसिन असेल तर ते त्या बी पेशींनाच मारतं, म्हणून हा त्रास बराच दबतो. रिकाम्या किंवा सौम्य औषधाच्या फुग्यांना तो जास्त. ज्या पेगला आपण लपण्याचं पांघरूण म्हणतो, तेच पांघरूण शरीर ओळखायला शिकतं. पेग औषधांपुरतं राहिलेलंही नाही. रेचकात आहे, मलमांत आहे, सौंदर्यप्रसाधनांत आहे, कोविडच्या फायझर आणि मॉडर्नाच्या लशींमध्ये लिपिडला जोडलेलं होतं. एकही पेगवालं औषध न घेतलेल्या माणसांच्या रक्तातही ही प्रतिपिंडं सापडतात. मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठीचं पेगिनेसाटाइड २०१२ मध्ये बाजारात आलं आणि गंभीर अ‍ॅलर्जीमुळे २०१३ मध्ये परत घ्यावं लागलं.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. दिसेल त्या कणाला पेग लावायची जी रीत पडली आहे ती बरोबर नाही. किती लावायचं, कुठे लावायचं आणि रुग्णाला पुन्हा किती वेळा द्यायचं आहे, हे आधी ठरलं पाहिजे. या बाबतीत पेगफिलग्रास्टिम मला आदर्श वाटतं. केमोनंतर पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन ते. त्यात २० हजार डाल्टनची एकच साखळी, प्रथिनाच्या सुरुवातीच्या टोकाला, दुसरीकडे कुठेही नाही. पीएच मुद्दाम आम्लाकडे, ५ च्या जवळ ठेवला की लायसिनचे सगळे अमाइन प्रोटॉन धरून गप्प बसतात, फक्त सुरुवातीच्या टोकाचा अमाइन जागा राहतो, आणि अल्डिहाइडचा आकडा त्यालाच अडकतो. माझ्या शेजारच्या काकूंना केमोच्या दुसऱ्या दिवशी हे एकच इंजेक्शन असायचं. साधं असतं तर रोज टोचावं लागलं असतं. हाडं दुखायची त्यांची, दोन दिवस कण्हायच्या. पण रोज सुईसाठी रिक्षा करून जावं लागत नव्हतं. माझ्या एन्झाइमवर मात्र एका साखळीने भागत नाही, त्याला सगळीकडून झाकावं लागतं. पेगॅस्परगेजच्या एका रेणूवर सत्तर-ऐंशी साखळ्या असतात. मी जो जोड वापरला तो जुन्या पेगॅस्परगेजच्या जोडापेक्षा पाण्यात टिकाऊ, २०१८ मध्ये अमेरिकेत आलेल्या कॅलॅस्परगेजमध्ये आहे तसा. त्याने औषध कपाटातही जास्त टिकतं.

पीएच.डी. होऊन आता काही वर्षं झाली. आपल्याकडे आता पुण्याच्या जेनोव्हाचं पेगॅस्परगेज मिळतं. भाची अकरावीला आहे, तिला मांडीवाली सुई आठवते, बाकी फारसं आठवत नाही. मी आता औषध बनवत नाही. मी मोजते. एका तपासणी प्रयोगशाळेत मुलांच्या रक्ताचे नमुने येतात, पेगॅस्परगेज दिल्यानंतर सातव्या दिवसाचे, चौदाव्या दिवसाचे. कधी कधी असं होतं की मुलाला अंगावर पित्त उठत नाही, ताप येत नाही, सगळं ठीक दिसतं, आणि आत प्रतिपिंडांनी औषध संपवलेलं असतं. बाहेरून कुणालाच कळत नाही. मोजलं तरच कळतं. एका मिलिलिटरमध्ये ०.१ युनिटच्या वर काम असलं पाहिजे.

इथे नेसलर नाही, दुसरी पद्धत वापरतो. तिच्यात रंग हिरवा येतो.

गेल्या महिन्यात एका प्लेटमध्ये अकरा खण हिरवे आले आणि एक कोरा. सातव्या दिवसाचा नमुना, दुसऱ्या डोसनंतरचा. मी तो पुन्हा लावला, नव्या बफरने, शेजारी ओळखीचा नमुना ठेवून. ओळखीचा हिरवा झाला. तो कोराच राहिला. तिसऱ्यांदा लावला. मग वॉर्डात फोन केला. रेसिडेंट डॉक्टर म्हणाल्या, "पण त्याला काहीच त्रास नाहीये हो. मस्त खेळतोय."

म्हटलं, "हो. पण औषध उरलेलं नाही."

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग कागद चाळल्याचा आवाज आला. "एर्विनिया मिळतंय का बघते," त्या म्हणाल्या. ते दुसऱ्या जिवाणूचं अ‍ॅस्परॅजिनेज, बिनपेगचं. कोलायच्या एन्झाइमवरची प्रतिपिंडं त्याला सहसा ओळखत नाहीत, आणि पेग नसल्याने पेगवरची प्रतिपिंडंही नाहीत. पण टिकतं सगळ्यात कमी, म्हणजे आठवड्यातून तीन सुया. बहुतेक मांडीत.

"मिळालं की कळवा," मी म्हटलं, "पहिला नमुना पुढच्या डोसच्या अगदी आधी घ्या. मी त्या दिवशी थांबते."